यमुनाचा सराव

२०१८च्या पोलीस भरतीची जाहिरात आली तेव्हा यमुनाचा मुलगा दहा महिन्यांचा होता. शाळेत असल्यापासून तिला खाकी वर्दीचं वेड. पण आता पदरात पोर असताना तो विषय काढायचीही तिला लाज वाटत होती.

"आता कसली गं पळापळ?" तिने कसाबसा विषय काढल्यावर सासू म्हणाली.

नवरा हाल्या चिकूच्या वाडीत मजुरीला जायचा. दुसऱ्या दिवशी तलासरीला जाऊन त्याने तिचा ऑनलाइन फॉर्म भरला आणि येताना तिच्या मापाचे कॅनव्हासचे बूट घेऊन आला.

चार महिन्यांनी भरतीच्या मैदानावर यमुना आपल्या गटात पहिली आली. महागडे बूट घातलेल्या शहरातल्या मुली मागे राहिल्या. कुंपणापलीकडे हाल्या पोराला कडेवर घेऊन उभा होता, आणि सासू ज्याला त्याला सांगत होती, "आमची सून हाय ती!"

वेळ नोंदवणाऱ्या मॅडमनी यमुनाला जवळ बोलावलं. "कुठल्या अकॅडमीत होतीस गं?"

"कुठेच नाही, मॅडम. आमच्या पाड्यावरून हायवेपर्यंत पळायचे, आणि परत."

"मग एवढा वेग कोणी शिकवला?"

यमुना धापा टाकतच हसली.

"पोरानं. तो झोपलेला असायचा तेवढ्यात जाऊन यायला लागायचं. उठला की त्याला मीच हवी. आणि मॅडम, तो रोज थोडा थोडा लवकर उठायला लागला."