हाकेपाशी

२०१७ सालची गोष्ट. माझा मुलगा विनोद समुद्रात नाहीसा झाल्याला वर्ष होत आलं होतं. निघाला त्या सकाळी सून कल्पिताने मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढला होता. दर्यावर निघालेल्याला आमच्यात मागून हाक मारत नाहीत, तिने मारली. तो वळून हसला, पण चेहरा पुसट आला. वर्षश्राद्धाला तिला तोच चेहरा हवा होता. व्हिडिओ स्वच्छ करायला घेतला की घरचा कॉम्प्युटर हाकेपाशी बंद पडायचा. डहाणू रोडच्या जिग्नेशने पंखा, रॅम, सगळं बदललं. “काकी, चार तास गेम चालवला तेव्हा ठणठणीत. मशीनला कल्पिताभाभीचाच राग आहे.” मी म्हटलं, “हाक काढून टाक.” ती काढल्यावर कॉम्प्युटर शेवटपर्यंत चालला. पडद्यावर विनोद स्वच्छ दिसत होता, पाठमोरा. न वळता बोटीत चढला. आम्ही मोबाइल उघडला. तिथेही आता वळत नव्हता.

ता. क. शंभर शब्दांत न मावलेलं: श्राद्ध बिनफोटोचंच झालं. जिग्नेश वापीला कारखान्यात लागला. भेटला की मासळीचा भाव विचारतो, दुसरं काही नाही. कल्पिताला मीच झाई गावात दुसरं सासर बघून दिलं. “आई, मला घालवता होय?” म्हणून भांडली, पण गेली, आता तिला मुलगी आहे. विनोदची बोट रिकामी सापडली, तो नाही. रेशनकार्डावरून त्याचं नाव कमी करायला मी दोनदा चिंचणीहून डहाणूला गेले. दोन्ही वेळा माझा नंबर आला, तशी उठून परत आले.