रक्षिताच्या पावलाचं माप

नात वाढत होती, म्हणून तिचं कृत्रिम पाऊल दरवर्षी नवं करावं लागे. यंदाही अप्पासाहेब बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात आले. कीर्तनाला येणाऱ्यांकडून गोळा केलेली बाटल्यांची प्लास्टिकची टोपणं त्यांनी वितळवण्यासाठी पावलं बनवणाऱ्या शंभूराजपुढे ओतली आणि सुतावर घेतलेलं माप पुढे केलं.

"अर्धा इंच वाढली की हो आपली रक्षिता!" शंभूराज हरखला. "पण अप्पा, तिला का नाही आणलंत? या खेपेला पैंजणासाठी खाच ठेवणार होतो."

"सरी, बरं, ठेव खाच. माप तिच्या मैत्रिणीच्या पायाचं आहे. दोघी एकाच वयाच्या. आमची माघात गेली रे. पाऊल जिला बसेल तिला दे. फक्त आज ती केवढी झाली असती, ते एकदा हातात घेऊन बघू दे."