चमचाभर तेल

बेगायिमने चहाची वाटी ओठांना लावली होती. तेवढ्यात तिची नणंद सायरागुल धापा टाकत आत आली आणि तिने ती हातातून ओढून घेतली. चहा लोकरीच्या जाजमावर सांडला.

बेगायिमला चौथा महिना लागला होता. याआधी दोनदा याच महिन्यात तिचा गर्भ पडला होता. हिच्या कुशीत काही ठरत नाही, यंदाही गेलं तर माहेरी पोचवू, असं तिची सासू उल्कान शेजारणींना उघड सांगत असे. सुनेच्या कानावर पडेल अशा बेतानंच सांगत असे.

"शहरातून एवढी आलीस ती वाट्या हिसकायला?" उल्कान लेकीला म्हणाली. "बस आधी. भाकरीचा तुकडा तोंडाला लाव."

सायरागुल बसली नाही. सुनेला चहातून काहीतरी देते, असं आई फोनवर बोलली होती; काय घातलंय, किती घातलंय, एवढंच तिने विचारलं. उल्कानने सांगून टाकलं. तेल, रोज एक चमचा. त्यात लपवायचं काय होतं? डोंगरावरच्या कोकोमेरेन झुडपाचा पाला उकळून गावात सगळेच पितात. पोटुशीपणी तिलाही तिच्या सासूने पाजलं होतं, किटलीभर पाण्यात चिमूटभर सुकी पानं. पण तीन वर्षांपूर्वी सायरागुलने प्रयोगशाळेत त्याच पानांचं तेल काढलं आणि गुडघ्यांना चोळायला म्हणून आईला बाटल्या पाठवल्या. एकेका बाटलीत कित्येक पोती पाल्याचा जीव उतरलाय, असं फोनवर तिनेच कौतुकानं सांगितलं होतं. उल्कानने आपले गुडघे तसेच दुखू दिले. तेल सुनेसाठी राखून ठेवलं आणि तिन्ही खेपेला तिला पाजलं.

सायरागुलने पिशवीतून कागद काढला. या तेलाने काचेच्या ताटल्यांतले जंतू मेले म्हणून ती वर्षभर खुशीत होती. मग तेलात काय काय आहे त्याचं मोजमाप हाती आलं. निम्म्याहून जास्त पुलेगोन नावाचं द्रव्य. पुदिन्यासारखा तो वास त्याचाच. गाभण उंदरांना ते जास्त दिलं तेव्हा त्यांचं यकृत बिघडलं, आणि पिल्लं पोटात राहिली नाहीत.

उल्कानने कागदाकडे पाहिलं नाही. त्या पाल्यावर आम्ही दोन पोरं वाढवली, त्यातली एक ही समोर उभी राहून मला शिकवतेय, असं ती म्हणाली.

"पाला वेगळा, आई. तू तिला तेल पाजलंस."

 सामोवारातलं पाणी खदखदत होतं. बेगायिम जाजम पुसत होती. विचारल्याशिवाय ती सासूसमोर चार वर्षांत कधी बोलली नव्हती. तिचा हात थांबला.

"म्हणजे खोट माझ्यात नव्हती?"

 उल्कान जमिनीला हात टेकून उठली. डोक्याचा रुमाल नीट बांधला, जोडे चढवले आणि बाहेर पडली. गोठ्यामागे रडायला गेली असेल, असं सायरागुलला वाटलं. ती मागोमाग निघणार, तोच शेजारच्या फाटकावर थाप पडली. आईचा आवाज चार घरं ऐकतील एवढा मोठा होता.

"अगं बुरुलचा, तुझ्या सुनेसाठी मी दिलेली ती तेलाची बाटली आण इकडे. आणि ऐक. माझ्या सुनेची दोन लेकरं मी मारली."