इशारा

हरिहरकाकांनी याही वेळी फोन उचलला नाही.

“लाज वाटत असेल,” रागिणी अमरावतीच्या ऑफिसात एकटीच पुटपुटली.

अकोल्यातल्या एका रक्तपेढीच्या फ्रिजवर नजर ठेवणारा, पर्ल या संगणकभाषेतला प्रोग्रॅम काकांचाच. फ्रिज तापू लागला, की त्यातलं ‘इशारा’ नावाचं सबरुटीन, म्हणजे प्रोग्रॅमचा एक छोटा तुकडा, रागिणीच्या मोबाईलवर भोंगा वाजवणार. काका निवृत्त झाले, जबाबदारी तिच्यावर आली. पण दोन उन्हाळे गेले, भोंगा एकदाही वाजला नाही. ती देवाचे आभार मानत राहिली.

आज कारण सापडलं. कोपऱ्यात काकांची एक फाईल दडलेली होती. प्रोग्रॅम सुरू झाला, की ती चालत्या प्रोग्रॅममध्येच ‘इशारा’च्या जागी दुसरं सबरुटीन बसवायची. अशी अदलाबदल झाली की पर्ल सूचना देत कुरकुरतं. काकांनी ती कुरकुरही बंद करून टाकली होती.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. रक्त खराब झालं असतं, तर कोणाच्या गळ्याशी आलं असतं?

तिने रक्तपेढीचा रखवालदार धर्मेंद्र याला फोन लावला. “काका कुठं दडून बसले?”

“दिसलेच नाई म्याडम. काल कीर्तनालेबी नाई आले. पयली रांग सोडत नाई तो मानूस.”

“माहा फोन चुकवून राहिले ते. त्याईले सांग, फाईल उडवून राहिली मी.”

उडवण्याआधी तिने ती शेवटपर्यंत वाचली. रागारागाने, पुरावा म्हणून.

मूळ ‘इशारा’ पुसला नव्हता. कीर्तनकार अभंगाचा शब्द न बदलता त्याच्या मागेपुढे निरूपण लावतो, तसा काकांनी तो आत जपला होता. फ्रिज तापला, की आधी फोन काकांना. उचलला, तर पेढीमागच्या गल्लीतल्या घरातून काका स्वतः येऊन फ्रिज पाहणार. नाहीच उचलला, तरच मूळ ‘इशारा’, म्हणजे रागिणी. शेजारी टीप होती: ‘रागिणीचं लेकरू लहान आहे. मी एकटाच, जागाच असतो.’

रागिणीचा हात थबकला.

तेवढ्यात टेबलावरचा मोबाईल कर्कश भोंगा वाजवू लागला. तिने तो आवाज आजवर ऐकला नव्हता.

तिने पुन्हा धर्मेंद्रला फोन लावला.

“म्याडम, फ्रिजचा लाल दिवा लागला...”

“फ्रिज मंग पाहू, धर्मेंद्र. पयले काकाच्या घराचं दार तोड.”