सिद्धूचा मेंढा

औंधच्या जत्रेत यंदाही सिद्धूच्या मेंढ्यानं पहिला नंबर मारला आणि बिरदेवच्या पोटात दुखायला लागलं. घरी येताच त्यानं आपला म्हातारा मेंढा खाटकाला देऊन टाकला. बायकोला म्हणाला, "सिद्धूच्या मेंढ्याम्होरं ह्यो बघवंना."

पुढच्याच आठवड्यात मेंढरांच्या वंशावर संशोधन करणाऱ्या मॅडम आल्या. उन्हाळ्यात त्यांनी वाडीतल्या सगळ्या मेंढरांचं रक्त तपासायला नेलं होतं.

बिरदेवनं घाईघाईनं विचारलं, "सिद्धूचा मेंढा भेसळीचाच निघाला न्हवं?"

"नाही हो, अस्सल आहे. त्याच्याहून अस्सल एकच सापडला, त्याचा बाप. जात टिकवायला आम्हाला तोच हवाय." मॅडमनी गोठ्यात डोकावून पाहिलं. "कुठं बांधलाय तुमचा म्हातारा मेंढा?"