कुठली बरी

चोरून पिणारा नवरा परवडला. आमच्या मालकांना प्यायला सोबत लागायची. माथेरानच्या हॉटेलात ते वाढपी होते. पाहुण्यांची उरलेली व्हिस्की औषधाच्या बाटल्यांतून घरी आणायचे, तीन कपांत वेगवेगळी ओतायचे आणि म्हणायचे, "हिला धुराचा वास हाय, ही गोडसर, ही आपल्या देशातली. जरा जिभेला लावून सांग गं, कुठली बरी?"

जन्मभर मी एकच उत्तर दिलं, "मी काय गुत्त्यावर बसलेली हाय?" मग ते एकटेच चाखत बसायचे.

ते गेल्यावर पहिल्याच पितृपक्षात आमच्या लेकानं, नागूनं, तशाच तीन व्हिस्की आणून नैवेद्याच्या पानाशेजारी ठेवल्या. कावळे कौलावर बसून राहिले, पानाला काही शिवेनात. नागूनं भाताची जमीन कारखान्याला न द्यायचं कबूल केलं, सुनेनं माझ्याशी न भांडायचं कबूल केलं. ऊन डोक्यावर आलं, तरी एक कावळा खाली उतरेना.

सगळ्यांना घरात पाठवून मी पानाजवळ बसले आणि तिन्ही कप एकेक करून जिभेला लावले.



"अवो, धुराची बरी हाय. या आता, जेवून घ्या."