तासभर

“पाणी कुठं उठून चाललं, थांब तासभर, असं मीच म्हणलं त्या नावाड्याले,” नत्थूजी म्हणाले.

आतल्या खोलीत आईच्या साड्या वेगळ्या करत बसलेल्या उन्नतीचे हात थांबले. तेरवी होऊन आठवडा झाला होता. नागपुरातल्या हुडकेश्वरच्या या घरात कोणीही भेटायला आलं, की त्यानं पाणी प्यायच्या आत बाबा या वाक्यापर्यंत पोचत. शब्द तेच, क्रम तोच. पाठ केल्यासारखा.

आज पारशिवनीहून रुपरावमामा आले होते, आईचे धाकटे भाऊ.

“सकाळी चांगलं ऊन होतं,” बाबा सांगत होते. “खाडी अरुंद, दोन्हीकडून तिवराची झाडं. पाणी उथळ, होडी खाली घासे. तुमची ताई हात बुडवून बसली होती. म्हणे, आपल्या तोतलाडोह धरणाच्या पाण्यापेक्षा गरम आहे. संध्याकाळी पाचले समुद्राच्या तोंडाशी पोचलो तं ढग येऊन राहिले होते. नावाडी म्हणे, ओहोटी लागली, आत्ताच फिरा. मी म्हणलं, सूर्यास्त पाहूनच जाऊ.”

पुढचं उन्नतीला पाठ होतं. पाणी खरंच उठून गेलं. होडी चिखलात रुतली, वारा फिरला, पाऊस आला, आणि भरती येईस्तोवर पाच तास आई ओल्या अंगानं बसून राहिली. नागपूरला उतरली ती तापातच. अकराव्या दिवशी ती गेली.

“तुमचाबी काय दोष,” मामा म्हणाले. “आपण तलाव पाहणारी माणसं. अंबाझरीचं पाणी सकाळी जिथं, तिथंच संध्याकाळी. पाणी रोज घर सोडून जाते हे आपल्याले काय माहीत?” मग ते थांबले. “पण भाऊजी, एक सांगा. भाजीत मीठ कमी आहे, हेबी तुमी ताईच्या तोंडून वदवत होता. हातमाग विकायचा होता तं चार वर्षं तिले विचारत राहिले. अन् त्या दिवशी एकदम नावाड्याले हुकूम सोडला? एवढी हिंमत कुठून आली गा?”

“म्हणून गेलो,” बाबा म्हणाले.

उन्नतीच्या डोक्यात तिडीक गेली. म्हणून गेलो. जन्मभर मागावरून मान वर न केलेल्या माणसाला त्याच दिवशी सूर्यास्त पाहायचा होता.

ती सहल तिनंच दिली होती. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून. फोटो बघून जागा तिनं निवडली, तिकिटं तिच्या नवऱ्यानं, मोहितनं काढली. आईनं त्या संध्याकाळी होडीतून फोनही केला होता. उन्नती कळमेश्वरच्या कारखान्यात होती, तपासणीला बाहेरचे लोक आलेले. काहीतरी बोलून तिनं फोन ठेवला. आता आठवायचं म्हटलं तर नुसता वारा आठवे. धडधाकट आईचं शेवटचं बोलणं, आणि त्यातला एक शब्द तिच्याजवळ नव्हता.

तो मिळालाही असता. आईला कमी ऐकू येई. ती स्पीकर लावून बोले, तरी निम्मं निसटे. म्हणून मोहितनं तिच्या फोनवर प्रत्येक बोलणं आपोआप साठेल अशी सोय केली होती. दुपारी निवांत ती ते पुन्हा ऐकायची. पण फोन खाडीत पडला, असं बाबांनी आल्या दिवशीच सांगितलं होतं. तेवढंही सांभाळता आलं नाही त्यांना.

मामा चपला घालायला बाहेर गेले, तशी ती पुढच्या खोलीत आली.

“बाबा, नावाडी सांगत होता न तुमाले? काहून नाही ऐकलं?”

नत्थूजींनी मामांचा रिकामा पेला उचलला.

“तुमच्या त्या तासाभरानं आई गेली.”

“हो,” ते म्हणाले.

नुसतं हो. भांडायलाही समोर कोणी नाही.

“मी उद्या जाते. दिवाळीले येणार नाही. त्याच्यानंतरबी नाही. मले तुमचं तोंड पाहायचं नाही.”

“राग माह्यावरच राहू दे, बाई,” बाबा म्हणाले. “पण जेवून घे. सकाळपासून काही खाल्लं नाही तुनं.”

आणि ते मामांना बसथांब्यापर्यंत सोडायला गेले.

उन्नतीनं बॅग भरली. आईचं काहीतरी न्यायचं होतं, साडी नको होती. मागच्या खोलीत, जिथं पूर्वी माग होता, तिथं कांड्यांची लाकडी पेटी अजून होती. वर्षानुवर्षं आईनं कांड्यांवर सूत भरून द्यायचं आणि बाबांनी विणायचं. त्यातली एक कांडी घ्यावी म्हणून तिनं झाकण उघडलं.

कांड्यांच्या तळाशी, बाबांच्या जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेला, आईचा फोन होता.

कोरडा. धड. खाऱ्या पाण्याचा डागही नाही.

म्हणजे हेही खोटं. आईचा आवाजसुद्धा या माणसानं लपवून ठेवला होता. स्वयंपाकघरात नेऊन तिनं फोन चार्जिंगला लावला. आता ते परत आले की हा त्यांच्यासमोर धरायचा आणि विचारायचं.

पडदा उजळला. त्या तारखेचं एकच बोलणं साठलेलं होतं. संध्याकाळी पाच दहा. तिनं बोट टेकवलं.

आधी वारा. मग आई, हसत, मोठ्यानं:

“उन्नती, नावाडी म्हणते आत्ताच फिरा, नाही तं अडकू. तुहे बाबाबी फिरा म्हणून राहिले. काय करू वं?”

कारखान्यात मागून कोणीतरी ‘मॅडम, चला’ म्हणत होतं.

“आई, सूर्यास्तासाठीच तं पाठवलं न तुमाले,” उन्नतीचा स्वतःचा आवाज म्हणाला, घाईतला, हसरा. “त्याले सांग, पाणी कुठं उठून चाललं, थांब तासभर.”